वर बाग, खाली बादली

चंदीगड कोणी उभारलं, हा प्रश्न क्विझमध्ये आला की बझर दाबायला मेकॅनिकलवालेही मागे राहत नाहीत. ल कॉर्बुझिए! पण या माणसाने आणखी काय केलं असं विचारा, भल्याभल्यांची दांडी गुल. एखाद्याला त्याची आधुनिक वास्तुकलेची पाच सूत्रं आठवतात. त्या पाचांतलं एक सूत्र म्हणजे गच्चीवरची बाग. आज ‘ग्रीन रूफ’ या नावाने जी कल्पना सेमिनारमध्ये ऐकायला मिळते, तिच्यासाठी या गृहस्थाने चाळीसेक वर्षं घालवली. तिच्यापायी नाव कमावलं आणि बोलणीही खाल्ली. म्हणून हा लेख त्याच्याबद्दल आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्या छपरांबद्दल.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १८८७ चा, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या गावचा. खरं नाव शार्ल-एदुआर जानरे. ज्युरा डोंगरात हजार मीटर उंचीवर वसलेलं हे गाव घड्याळवाल्यांचं. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करायचे, आई पियानो शिकवायची. पोरानेही घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरावी म्हणून त्याला गावच्या कलाशाळेत घातलं. तिथल्या लेप्लातनिए नावाच्या मास्तरांनी ओळखलं की या मुलाचं काम डबीएवढं लहान राहणार नाही, आणि त्याला वास्तुकलेकडे वळवलं. विशी गाठायच्या आत त्याच्या हाती पहिल्या घराचं काम आलं. आर्किटेक्चरची डिग्री मात्र त्याने कधीच घेतली नाही. (केटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. डिग्रीऐवजी त्याने जेवढं वाचलं आणि रेखाटलं, तेवढं आपल्याकडून चार वर्षांत होत नाही.)

१९०८ साली तो पॅरिसला ओग्युस्त पेरे यांच्या ऑफिसात लागला. पेरे म्हणजे आरसीसीचे त्या काळातले वस्ताद. इथे एक गंमत सांगायला हवी. लोखंड घातलेल्या सिमेंटचं १८६७ सालचं फ्रेंच पेटंट ज्या जोसेफ मोनिएच्या नावावर आहे, तो होता माळी! झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली. म्हणजे आपलं आरसीसी बागेतून इमारतीत आलं, आणि कॉर्बुझिएने पुढे बाग उचलून आरसीसीच्या डोक्यावर ठेवली.

पेरेंकडून तो बर्लिनला पीटर बेहरेन्सकडे गेला, मग १९११ मध्ये इस्तंबूल-अथेन्सपर्यंत भटकून गावी परतला. १९१२ साली आई-वडिलांसाठी मोठं पांढरं घर बांधलं. ते इतकं महाग पडलं की १९१९ मध्ये म्हाताऱ्यांना ते तोट्यात विकावं लागलं. मधल्या काळात श्वॉब नावाच्या घड्याळ कारखानदारासाठी काँक्रीटचा, सपाट छपराचा बंगला बांधला. तिथेही खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पुढे गेला आणि प्रकरण कोर्टात पोचलं. ही दोन प्रकरणं लक्षात ठेवा. घर दिसायला सुंदर, आणि बिलाच्या वेळी मालकाचा चेहरा पडलेला, हे चित्र पुढेही येणार आहे.

बर्फाळ गावात सपाट छप्पर कशाला, असं कुणीही विचारेल. उत्तर त्याने पुढे आपल्या व्याख्यानांमध्ये दिलं. उतरत्या छपराखाली सेंट्रल हीटिंग आलं की छपरावरचं बर्फ खालच्या बाजूने वितळतं, ते पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठतं, मागचं पाणी तुंबतं आणि कौलांखालून घरात शिरतं. त्यापेक्षा छप्पर सपाट किंवा आत उतरतं ठेवा आणि पाण्याचा पाइप घराच्या उबदार पोटातून खाली न्या, म्हणजे तो गोठणार नाही. तर्क एकदम पक्का. मात्र हा तर्क त्या हवामानाचा आहे, हे विसरायचं नाही.

१९१७ साली तो कायमचा पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी एका डोळ्याची दृष्टी गेली. १९२० मध्ये मित्राबरोबर मासिक काढलं आणि त्यात लिहिताना ल कॉर्बुझिए हे टोपणनाव घेतलं, तेच पुढे चिकटलं. १९२२ पासून चुलतभाऊ पिएर जानरे भागीदार झाला. १९२३ साली आलेल्या पुस्तकाने त्याचं नाव युरोपभर झालं. शहरं पाडून नवी बांधायच्या त्याच्या अचाट योजनांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. ती बरीचशी योग्यच आहे. पण तो विषय वेगळा.

त्याच सुमारास, १९२३-२४ मध्ये, त्याने आई-वडिलांसाठी लेमां तलावाच्या काठी एक छोटंसं घर बांधलं. क्षेत्रफळ साठ-पासष्ट चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडचा टू बीएचके. सपाट छपरावर मातीचा थर आणि त्यावर गवत. आधीच्या घराने दिलेला फटका आठवून असेल, पण या वेळी घर अगदी बेताचं होतं. वडील दोनच वर्षांत, १९२६ ला, वारले. आई मात्र तिथे १९६० पर्यंत राहिली, शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत. तीस वर्षांनी या घरावर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात छपराचं वर्षभराचं वर्णन आहे. वसंतात गवत उगवतं, रानफुलं येतात, ऑगस्टच्या उन्हात सगळं करपून जातं, पण मुळांचा आणि मातीचा थर तसाच राहतो आणि खालच्या खोल्यांना ऊन लागत नाही. शरदात पुन्हा हिरवं. कुणी पाणी घालत नाही, कुणी खुरपत नाही.

त्याच पुस्तकात त्याने एक वाईट बातमीही लपवलेली नाही. तलावाचं पाणी वर-खाली व्हायचं, तशी जमिनीखालच्या पाण्याची पातळीही बदलायची. तळघराची पोकळ पेटी त्या पाण्यात होडीसारखी उचलली जाऊ लागली आणि घराला आडवा तडा गेला. अपलिफ्ट प्रेशर! सॉइल मेकॅनिक्सच्या सरांनी वर्गात द्यावं असं उदाहरण. पुढे तलावाकडच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवावा लागला. तेव्हा गवताचं छप्पर फुकटात सांभाळलं गेलं हे खरं, पण त्याच्याखालचं घर फुकटात सांभाळलं गेलं नाही.

१९२७ साली श्टुटगार्टच्या प्रदर्शनाच्या वेळी त्याने ती पाच सूत्रं मांडली. इमारत खांबांवर उचला, भिंतींचा भार काढून आतली रचना मोकळी करा, दर्शनी भिंत मोकळी करा, आडव्या लांब खिडक्या द्या आणि गच्चीवर बाग करा. बागेचं समर्थन दोन प्रकारचं. पहिलं सोपं: इमारतीने जेवढी जमीन व्यापली, तेवढी वर परत मिळते. दुसरं समर्थन आपल्या कामाचं आहे, कारण ते फुलांचं नसून काँक्रीटचं आहे. उघडा स्लॅब दिवसा तापतो, रात्री निवतो. वीस मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान ३० अंशांनी बदललं, तर प्रसरणांक १० × १०⁻⁶ धरून लांबीत ६ मिलिमीटर फरक पडतो. रोज ६ मिलिमीटर ताणायचं आणि आकसायचं, म्हणजे कधी ना कधी भेग पडणार आणि भेगेतून पाणी येणार. त्यावर त्याचा उपाय असा की स्लॅबवर ओलसर थर कायम ठेवा. वाळू, तिच्यावर जाड सिमेंटच्या लाद्या, लाद्यांच्या फटीत गवत. पाऊस वाळूतून आणि मुळांतून सावकाश झिरपत पाइपाकडे जाईल आणि स्लॅबचं तापमान फारसं हलणार नाही.

आजच्या ज्ञानाने पाहिलं तरी हा मुद्दा बरोबर आहे. मातीखालच्या वॉटरप्रूफिंगला ऊन लागत नाही, म्हणून ते उघड्यापेक्षा जास्त टिकतं. खालची खोली कमी तापते. आपल्या होस्टेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मे महिन्यात जे पोरं पीएल काढतात, त्यांना स्लॅब रात्री दोनपर्यंत कसा आग ओकतो हे समजावून सांगायला नको.

पण गणिताची दुसरी बाजूही मांडू, कारण सूत्रांमध्ये ती त्याने मांडली नव्हती. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १८०० किलोच्या आसपास. म्हणजे १० सेंटिमीटर मातीचं ओझं चौरस मीटरला १८० किलो, साधारण १.८ किलोन्यूटन. आपल्या आयएस ८७५ मध्ये माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी धरायचा लाइव्ह लोड आहे १.५ किलोन्यूटन. म्हणजे चार इंच ओल्या मातीनेच तो पुरता खाऊन टाकला, वर माणूस चढायच्या आधी. झुडपांसाठी ३० सेंटिमीटर माती घातली तर ओझं ५.४ किलोन्यूटन, आणि पंधरा सेंटिमीटरच्या स्लॅबचं स्वतःचं वजन आहे ३.७५. पाहुणा यजमानापेक्षा जड! नवीन इमारतीत हे आधीच हिशोबात धरता येतं, स्टील थोडं वाढतं, काम भागतं. जुन्या इमारतीवर मात्र ट्रकने माती आणून ओतायची हौस महागात पडते. म्हणूनच आजकाल साधी माती न वापरता हलकी मिश्रणं वापरतात. दहा सेंटिमीटरच्या आसपासचा असा थर पाण्याने भरल्यावरही चौरस मीटरला १०० ते १५० किलोत बसतो. अर्थात त्याचा भाव मातीच्या भावासारखा नसतो.

मातीचं छप्पर आपल्याला नवीन नाही. मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या मित्रांना विचारा, माळवद म्हणजे काय. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा. पावसाळ्यात वर गवत उगवतं ते उपटायचं, आणि गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची. असं पिढ्यान् पिढ्या चालत राहिलं की थर जाड होत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती फाकल्या आणि हे ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. मुख्य दोष भिंतींचा होता हे मान्य, पण वरच्या वजनाने त्यांना सुटायला संधी दिली नाही. छपरावर टाकलेली प्रत्येक पाटी भूकंपात आडवी ढकलते. ग्रीन रूफच्या माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं.

पुन्हा कॉर्बुझिएकडे वळू. १९२६ साली बोर्दोजवळ पेसाक इथे त्याने कामगारांसाठी पन्नासेक घरांची वसाहत बांधली, सपाट गच्च्यांची. लोक राहायला आले आणि हळूहळू कित्येकांनी गच्च्यांवर उतरती छपरं चढवली, लांब खिडक्या लहान केल्या. वास्तुकलेच्या पुस्तकांत यावर पुष्कळ चर्चा आहे. आमच्या मते त्यात फार गूढ काही नाही, ज्याला छप्पर सांभाळायचं आहे तो त्याला सांभाळता येईल असंच छप्पर करतो. याच्या उलट टोक म्हणजे पॅरिसच्या शाँझेलिझेवर बेस्तेगी नावाच्या धनाढ्य माणसासाठी १९३० च्या सुमारास केलेली गच्ची. तिथे हिरवळ होती आणि विजेच्या मोटरवर सरकणारी झुडपांची कुंपणं होती. बटण दाबलं की झाडं बाजूला आणि समोर पॅरिस. घरात दिव्यांऐवजी मात्र मेणबत्त्या! पैसा असला की काहीही होतं. ती बाग आता उरलेली नाही.

आणि मग आलं व्हिला सावॉय. पॅरिसजवळ प्वासी इथे, १९२८ ते ३१ दरम्यान, विमा व्यवसायातल्या सावॉय कुटुंबासाठी बांधलेला शनिवार-रविवारचा बंगला. बारीक खांबांवर उचललेली पांढरी पेटी, आतून वरपर्यंत जाणारा रॅम्प, मधल्या मजल्यावर आकाशाखालची बाग, सर्वांत वर ऊन खायची गच्ची. पाचही सूत्रं एका इमारतीत. जगातल्या सगळ्या आर्किटेक्चर कॉलेजांत याचं मॉडेल बनवतात आणि थर्मोकोल कापताना रात्री जागवतात.

घरात राहणाऱ्यांना मात्र वेगळं दिसत होतं. घर ताब्यात आल्यापासूनच गळतीच्या तक्रारी सुरू झाल्या. मादाम सावॉय, आपण सावॉयबाई म्हणू, पत्रांमागून पत्रं लिहीत राहिल्या. १९३६ च्या शरदात त्यांनी कळवलं की हॉलमध्ये पाऊस पडतो, रॅम्पवर पाऊस पडतो, गॅरेजची भिंत पूर्ण भिजली आहे आणि आपल्या बाथरूममध्ये प्रत्येक पावसात पाणी साचतं, कारण वरच्या काचेच्या झरोक्यातून ते थेट आत येतं. जरा नीट पाहा, पाणी कुठून येत होतं ते. झरोक्याच्या कडेने, रॅम्पच्या काचेच्या सांध्यांतून, भिंत आणि गच्ची मिळते तिथून. बागेच्या कुंड्यांचा यात दोष नव्हता. सपाट छप्पर मधोमध क्वचित गळतं. ते गळतं कडेला, पाइपाच्या तोंडाशी, जिथे दोन वस्तू भेटतात तिथे. साइटवर ट्रेनिंगला जाऊन आलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. आपले मिस्त्री उगाच पॅरापेटच्या कोपऱ्यात गोलसर वाटा काढत बसत नाहीत.

कॉर्बुझिएचं वागणं इथे काही शोभादायक नव्हतं. दुरुस्त्या व्हायच्या, पुन्हा पाणी यायचं, पुन्हा पत्र. जगभरचे पाहुणे घर बघायला येत होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. पाहुण्यांच्या सह्या घेण्यासाठी हॉलमध्ये एक वही ठेवावी, असं त्याने या कुटुंबाला सुचवलं होतं. हॉलमध्ये वही ठेवायची तर आधी बादली हलवायला हवी! अखेर ऑक्टोबर १९३७ मध्ये सावॉयबाईंनी स्पष्ट लिहिलं की हे घर राहण्याजोगं नाही, कायद्याने बांधकामाची दहा वर्षांची जबाबदारी तुमची आहे, खर्च मी करणार नाही, ताबडतोब दुरुस्त करा, नाहीतर मला कोर्टात जावं लागेल. खटला उभा राहण्याआधी युद्ध आलं. १९४० मध्ये कुटुंब घर सोडून गेलं. आधी जर्मन सैनिक राहिले, मग अमेरिकन. सावॉय कुटुंब तिथे पुन्हा राहायला आलंच नाही.

इथे कुणाची बाजू घ्यायची? आम्हाला तरी बाईंची घ्यावीशी वाटते. कल्पनेचा फायदा ज्याच्या नावावर जमा होतो आणि तोटा ज्याच्या घरात ठिबकतो, ती माणसं वेगळी असली की हिशोब बिघडतो. कॉर्बुझिएला जग मिळालं, सावॉय कुटुंबाला ओल. हेही सांगायला हवं की त्या काळी आजच्यासारखे मेम्ब्रेन आणि सीलंट नव्हते. पण ते नव्हते हे त्याला माहीत होतं, आणि घर त्याने दुसऱ्याच्या पैशाने बांधलं होतं.

स्वतःवर प्रयोग केला नाही असंही नाही. १९३४ पासून मरेपर्यंत तो पॅरिसमध्ये आपणच बांधलेल्या इमारतीच्या सर्वांत वरच्या दोन मजल्यांवर राहिला, आणि वर त्याची गच्चीवरची बाग होती. १९४० मध्ये पॅरिस पडलं आणि तो पत्नी इव्होनसह शहर सोडून गेला. बाग वाऱ्यावर. मधल्या वर्षांत उन्हाने, थंडीने, वाऱ्याने आणि पाखरांनी तिची मशागत केली. गुलाब रानटी झाले, हिरवळीची जागा रानगवताने घेतली, लॅव्हेंडरच्या रोपांची झुडपं झाली, कुणी न लावलेली झाडं आपोआप उगवली. परत आल्यावर ते रान पाहून तो इतका खूश झाला की बागेला आता असंच राहू द्यायचं ठरवलं, आणि यावर लेखही लिहिला. युद्धाच्या त्या काळात त्याने व्हिशीच्या जर्मनधार्जिण्या सरकारकडे कामासाठी दीडेक वर्ष खेटे घातले, ही गोष्ट मात्र त्याचे चाहते पटकन ओलांडतात. काम मिळालं नाही ते मिळालं नाही, डाग राहिला.

युद्धानंतर मार्सेयला १९५२ मध्ये पूर्ण झालेली ती प्रचंड इमारत आली. ३३७ घरं, आणि गच्चीवर बालवाडी, मुलांसाठी उथळ पाण्याचा हौद, व्यायामशाळा आणि ३०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक. इथे गच्चीला खरा भाव मिळाला, कारण खर्च शेकडो घरांत वाटला गेला आणि रोज वापरणारी पोरं होती.

मग भारत. फेब्रुवारी १९५१ मध्ये तो चंदीगडसाठी पहिल्यांदा इथे आला. चंदीगडवर वेगळा लेख होईल, तेव्हा फक्त छपरांपुरतं बोलू. हायकोर्टावर त्याने बाग केली नाही. त्याने इमारतीवर दुसरं, वर उचललेलं छत्रीसारखं छप्पर टाकलं. ऊन छत्रीवर, मधून वारा आणि खालचा स्लॅब सावलीत. ज्या माणसाने वीस वर्षं बागेचा पुरस्कार केला, त्याने आपलं ऊन आणि आपला पाऊस पाहून दुसरा उपायही वापरला, हे त्याच्या खात्यात जमा करायला हवं.

अहमदाबादला मात्र बाग झाली, आणि आमच्या मते त्याच्या सगळ्या हिरव्या छपरांत हीच सर्वांत उत्तम. शाहीबागेत मनोरमा साराभाई यांच्यासाठी बांधलेलं घर. काम साधारण १९५१ ते ५५ या काळातलं. समांतर विटांच्या भिंती, त्यांवर ओळीने विटांच्या उथळ कमानी आणि कमानींवर माती आणि गवत. अशी गवताखालची कमानींची घरं त्याने १९३५ साली पॅरिसजवळ एका छोट्या विकएंड घरात करून पाहिली होती. कमानीचा फायदा असा की वरचं वजन तिला दाबात ठेवतं आणि विटेला दाब चालतो, ताण चालत नाही. बाजूचा रेटा तेवढा सांभाळायचा. स्लॅबवर जे ओझं नकोसं असतं, ते इथे जागच्या जागी बसलं. घर वाऱ्याच्या दिशेने उघडं ठेवलं, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात डोक्यावर मातीची गोधडी घातली. गच्चीवरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी एक घसरगुंडीही आहे, घरातल्या मुलासाठी! त्याच शहरातल्या संस्कार केंद्र या संग्रहालयाच्या छपरावरही पाण्याचे उथळ हौद आणि त्यांत वनस्पती, अशी त्याची कल्पना होती.

पण साराभाईंच्या घरी माळी होते, पाणी होतं, जागा होती. हे सगळं आपल्याकडच्या सोसायटीच्या गच्चीवर आणून पाहू. आपला पाऊस चार महिन्यांचा, उरलेले आठ महिने हिरवळीला पाणी घालावं लागणार. उन्हाळ्यात रोज चौरस मीटरला ४-५ लिटर धरले तर ५०० चौरस मीटरच्या गच्चीला दिवसाला दोन-अडीच हजार लिटर. चार दिवसांत दहा हजारांचा एक टँकर गच्चीने पिऊन टाकला. लेमां तलावाकाठी गवत करपलं तरी आईची तक्रार नव्हती. इथे करपलं तर मेंटेनन्स भरणारे सभेत उभे राहतील. आणि पूर थोपवण्याबद्दल म्हणाल, तर दहा सेंटिमीटर मातीत फार तर २०-३० मिलिमीटर पाऊस मुरतो. पॅरिसच्या रिमझिमीला तेवढं पुष्कळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. तिथे गच्चीवरची माती लवकरच भरली असती आणि मग ती फक्त वजन म्हणून उरली असती. त्यातून खाली कुठे ओल आली, तर भोक शोधायला सगळी बाग उकरायची. म्हणून ज्याला करायचंच आहे त्याने माती टाकण्याआधी गच्चीत तीन दिवस पाणी कोंडून पाहावं, मुळं अडवणारा थर घालावा, पाइपांची तोंडं मातीखाली न गाडता उघडी ठेवावीत. यात खर्च आहे, आणि तो झाडांच्या खर्चापेक्षा मोठा आहे.

अहमदाबादच्या या कामांवर कॉर्बुझिएच्या वतीने लक्ष ठेवायला एक तरुण होता, बाळकृष्ण दोशी. पुण्यात १९२७ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. पॅरिसच्या ऑफिसात सुरुवातीचे आठ महिने त्यांनी बिनपगारी काढले होते. (इंटर्नशिपला स्टायपेंड नाही म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) हेच दोशी पुढे २०१८ मध्ये प्रिट्झकर पारितोषिकाचे मानकरी झाले. १९८० च्या सुमारास त्यांनी अहमदाबादेत स्वतःचं ऑफिस बांधलं, संगाथ. तिथेही कमानी आहेत आणि अर्धं बांधकाम जमिनीत आहे. पण कमानींवर त्यांनी गवत न लावता फुटक्या पांढऱ्या लाद्यांचा चायना मोझॅक लावला, जो आपल्या प्रत्येक जुन्या गच्चीवर असतो. ऊन परत फेकतो, पाणी वाहून जातं, वजन जवळपास नाही आणि वर्षातून एकदा झाडू मारला की झालं. बाग त्यांनी खाली जमिनीवर ठेवली. साराभाईंचं छप्पर ज्याने जवळून पाहिलं होतं, त्याने स्वतःच्या ऑफिससाठी केलेली ही निवड आहे.

१९५७ मध्ये इव्होन गेली, १९६० मध्ये आई. कॉर्बुझिएचे उन्हाळे भूमध्य समुद्राकाठी रोकब्रून-काप-मार्तां इथल्या लाकडी खोपटात जात. खोपट ३.६६ मीटर लांब आणि तेवढंच रुंद, म्हणजे आपल्या होस्टेलच्या खोलीएवढं. आयुष्यभर शहरं आखणाऱ्याला तेवढं पुरत होतं. २७ ऑगस्ट १९६५ ला सकाळी तो पोहायला गेला आणि पाण्यातच त्याचा मृत्यू झाला. वय ७७. पॅरिसला लूव्रच्या चौकात सरकारी इतमामाने निरोप दिला गेला, आणि त्या वेळी भारतातून आलेलं गंगाजल आणि ग्रीसहून आणलेली अथेन्सची माती त्याला वाहण्यात आली.

व्हिला सावॉय तोवर मोडकळीला आलं होतं. शेजारी शाळा बांधायची म्हणून गावाने जागा घेतली होती आणि १९५९ च्या सुमारास घर पाडायचा बेत होता. जगभरच्या वास्तुरचनाकारांनी आरडाओरडा केला, मंत्री आंद्रे मालरोंनी लक्ष घातलं आणि पाडणं थांबलं. तो वारल्यानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर १९६५ मध्ये, ते राष्ट्रीय स्मारक झालं. २०१६ साली चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्ससह त्याच्या सात देशांतल्या सतरा वास्तूंना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्यांत सावॉय आहे, आणि तलावाकाठचं आईचं घरही आहे, छपरावरच्या गवतासकट. सावॉयच्या छपराच्या दुरुस्तीचा खर्च आता फ्रेंच सरकार करतं.